कोडं प्रेक्षकाने नाही, एक्तोरने सोडवायचं असतं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना ते कळेल. तुम्ही २५ मिनिटांची शॉर्टफिल्म लिहिताय. लग्नाचं कार्यालय, नवरीच्या मावशीची मोहनमाळ गायब, आणि तीच दुपार तीन माणसांच्या मागे जाऊन तीनदा दिसते. शेवटी पोलिसासमोर तिघांचे जबाब. हे सगळं सुचलं ते ‘लोस क्रोनोक्रीमेनेस’ हा स्पॅनिश सिनेमा पाहून. तो तुम्हाला पहिल्या खेपेतच कळला, भीतीही वाटली आणि नको तिथे हसूही आलं. तुमची संहिता मात्र चार मित्रांनी वाचली, चौघेही ‘डोक्यावरून गेली’ म्हणाले, आणि हसलं कुणीच नाही. मग तुम्ही क्रम बदलला, तीन ठिकाणी ‘दोन तासांपूर्वी’ अशी पाटी टाकली, तरी गुंता तसाच. तर प्रसंगांचा क्रम कसा लावावा आणि विनोदाचं काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

मी संकलक आहे. चोवीस वर्षं झाली. मालिका, जाहिराती, मोजके मराठी सिनेमे, आणि गेली काही वर्षं पुण्यात मुलांना शिकवणं. क्रम लावायचेच पैसे मिळतात मला, तरीही सांगते की तुमचं दुखणं क्रमाचं नाही. कोड्याचं ओझं कुणाच्या डोक्यावर ठेवलंय, हे बघायला हवं. तुम्ही ते प्रेक्षकाच्या डोक्यावर ठेवलंय. त्या स्पॅनिश सिनेमात ते एक्तोर नावाच्या एका पोट सुटलेल्या, दमलेल्या माणसाच्या डोक्यावर आहे आणि आपण खुर्चीत बसून त्याची तारांबळ बघतो. आता हे नीट उलगडून सांगते. त्यासाठी सिनेमाची गोष्ट शेवटासकट सांगावी लागेल. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी आधी पाहून यावं. दीड तासाचाच आहे.

सिनेमा २००७ चा. दिग्दर्शक नाचो विगालोंदो, त्याचा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. उत्तर स्पेनमधल्या कांताब्रियात चित्रित झालेला, आणि दिग्दर्शकही तिकडचाच. अमेरिकेत ऑस्टिनच्या फॅन्टास्टिक फेस्टमध्ये तो पहिल्यांदा दाखवला आणि तिथलं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं बक्षीस घेऊन आला. स्पेनच्या थिएटरांत लागायला २००८ उजाडलं. मुख्य चेहरे चारच: नवरा, बायको, जंगलातली एक मुलगी आणि टेकडीवरच्या प्रयोगशाळेतला एक तरुण. तो तरुण म्हणजे खुद्द विगालोंदो. नायकाचं नाव एक्तोर. हेक्टरच, पण स्पॅनिशमध्ये ‘ह’ लिहितात आणि बोलत नाहीत. ती भूमिका कार्रा एलेखाल्देची. स्पेनमध्ये हा माणूस विनोदासाठीही तितकाच ओळखला जातो, २०१४ च्या एका तुफान चाललेल्या विनोदी चित्रपटासाठी त्याला गोया, म्हणजे स्पेनचा मानाचा चित्रपट पुरस्कारही मिळाला. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

वर्गात हा सिनेमा शिकवताना मी तीन रंगांच्या कागदी पट्ट्या घेऊन बसते. निळी रांग पहिल्या एक्तोरची, पिवळी दुसऱ्याची, गुलाबी तिसऱ्याची. तुम्हीही तसंच करा, टेबलावर जागा करून.

निळी रांग. एक्तोर आणि क्लारा नव्या घरात राहायला आलेत, आवराआवर अर्धवट आहे. फोन वाजतो, पलीकडून कुणी बोलत नाही. एक्तोर बागेत खुर्ची टाकून दुर्बिणीने समोरची झाडी बघत बसतो. झाडीत एक मुलगी कपडे काढताना दिसते. क्लारा खरेदीला बाहेर पडते, आणि हा ‘जरा बघून येतो’ म्हणून झाडीत शिरतो. ती मुलगी विवस्त्र, निपचित पडलेली सापडते. तेवढ्यात डोक्याला गुलाबी बँडेज गुंडाळलेला एक माणूस येतो आणि याच्या दंडात कात्री खुपसतो. एक्तोर पळत सुटतो, टेकडीवरच्या प्रयोगशाळेत घुसतो, दंडाला बँडेज बांधतो. वॉकीटॉकीवर एक आवाज त्याला रस्ता दाखवत आणखी वर नेतो आणि लपायला म्हणून एका टाकीसारख्या यंत्रात उतरवतो. झाकण बंद होतं. उघडतं तेव्हा बाहेर लख्ख उजेड असतो. तो मागे गेलाय, पण फार नाही. वर्षं नाहीत, दिवसही नाहीत. त्याच दुपारी, थोडंसं अलीकडे.

पिवळी रांग. दुर्बिणीतून त्याला आपलंच घर दिसतं आणि बागेत आपणच दिसतो. घरी फोन लावतो तर पलीकडून त्याचाच आवाज. मगाचचा मुका फोन कुणाचा होता ते इथे कळतं. गाडी घेऊन निघतो, एक व्हॅन त्याला धडक देते, डोकं फुटतं. रक्त थांबवायला दंडावरचं बँडेज सोडून तो डोक्याला गुंडाळतो. बँडेज रक्ताने गुलाबी झालंय.

या क्षणाला वर्गात दरवेळी एकच आवाज येतो, ‘अय्यो!’ आणि त्यामागे हसू.

आता पुढे काय करायचं हे एक्तोरला ठाऊक आहे आणि आपल्यालाही. मुलीला झाडीत नेऊन उभं करायचं, कपडे काढायला लावायचं, कारण बागेतला तो दुसरा मी ते बघूनच इकडे येणार आहे. मग त्याच्या दंडात कात्री खुपसायची. तो यंत्रापर्यंत पोचला नाही तर आपलं काय होणार, ही धास्ती. हे सगळं उरकून तो घराकडे जातो, अंधारात एका बाईच्या मागे धावतो, ती छपरावरून खाली पडते. कोट क्लाराचा. हा कोसळतो आणि पुन्हा एकदा मागे जाऊन हे टाळायचंच असं ठरवतो.

गुलाबी रांग सर्वांत तोकडी आणि सर्वांत क्रूर. व्हॅन चालवणारा हाच. काहीही टळत नाही, उलट जे घडलं ते घडावं म्हणून याचाच हात लागतो. शेवटी तो ज्या मुलीने त्याला मदत केली तिचेच केस क्लारासारखे कापतो, अंगावर क्लाराचा कोट चढवतो आणि तिला वर पाठवतो. छपरावरून पडलेली ती. मग हा क्लारासोबत बागेतल्या खुर्चीत बसून राहतो, लांबून सायरन येतात, सिनेमा संपतो.

तिन्ही रांगा मांडून झाल्या की मुलांना विचारते, यात फ्लॅशबॅक किती? सगळे मोजायला लागतात. एकही नाही. घड्याळ मागे जातं, पण कॅमेरा एक्तोरचा हात सोडत नाही. त्याच्या अंगाला घाम येतो, मग जखम होते, मग दुसरी जखम होते, तो दमत जातो, खचत जातो, सगळं ओळीने. त्याच्यापुरती ही सरळसोट गोष्ट आहे आणि आपण त्याला बांधलेले आहोत. म्हणून आपण हरवत नाही. ‘काळ उलटसुलट केलेला सिनेमा’ असं ज्याला म्हणतात त्यात काळ फक्त भिंतीवरच्या घड्याळात उलटसुलट असतो. ज्याच्या मागे आपण चालतोय त्याच्या अंगावर तो सरळच चालायला हवा.

आता बँडेजकडे या. नुसतं बँडेज बघा. आधी ते एका अनोळखी डोक्यावर दिसतं, गुलाबी, भीतिदायक. मग दंडावर, पांढरं. मग तेच सुटून डोक्यावर चढतं आणि भिजतं. प्रेक्षकाला ‘किती वाजले’ हे विचारावंच लागत नाही, बँडेज कुठे आहे आणि त्याचा रंग काय, एवढं बघितलं की कळतं आपण कुठल्या रांगेत आहोत. पाटी नाही, तारीख नाही, रंग बदललेली फ्रेम नाही. ज्या वस्तूने घाबरवलं तीच वस्तू घड्याळाचं काम करते, आणि तीच पुढे विनोदाचंही. चांगली संहिता एका वस्तूकडून तीन कामं करून घेते. हे पैशांचं काटकसरीपण नव्हे, डोक्याचं आहे.

तुम्ही घड्याळ दिलं नाहीत तर प्रेक्षक स्वतःच शोधतो, हे मी ठेचकाळून शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी एक थरारपट कापत होते, नाव सांगत नाही. निर्मात्याला खून सुरुवातीला हवा, मग मागे, मग पुढे, मग आणखी मागे. अकरा आवृत्त्या केल्या. पाट्या टाकल्या. शेवटी दहाबारा जणांना बोलावून दाखवला, त्यात निर्मात्याच्या सासूबाई. सिनेमा संपल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘हा मुलगा दाढी करतो तरी कधी?’ झालं असं होतं की नायकाने मधल्या काळात एका मालिकेसाठी दाढी काढली होती आणि आमचं शूटिंग त्याच्या तारखांप्रमाणे तुकड्या-तुकड्याने झालं होतं. पाट्या सासूबाईंनी वाचल्याच नव्हत्या. त्या दाढीवरून दिवस मोजत होत्या, आणि दाढी खोटं बोलत होती. खोलीतल्या सगळ्यांचं तेच झालेलं, बोलायचं धाडस एकट्या सासूबाईंनी केलं. तेव्हापासून संहिता हातात आली की मी पहिलं विचारते, यातलं बँडेज कुठलं आणि यातली दाढी कुठली.

विनोदाचं काय, हा तुमचा दुसरा प्रश्न. खरं तर तो वेगळा प्रश्न नाहीच.

शूटिंगवर कधी गेला असाल तर कंटिन्यूइटी सांभाळणारी मुलगी बघितली असेल. मागच्या शॉटमध्ये चहाचा कप डाव्या हातात होता, पदर या खांद्यावर होता, खिडकी अर्धी उघडी होती, हे वहीत टिपून ठेवते आणि पुढच्या शॉटला ओरडते, ‘सर, कप डावीकडे!’ दुसऱ्या फेरीत एक्तोरचं नेमकं हेच काम आहे. मघाशी जे पाहिलं ते जसंच्या तसं पुन्हा घडवायचं. मुलगी इथे होती, नाही, जरा पलीकडे. तो बघत होता ना? दिसलं असेल ना त्याला? एक घाबरलेला, डोकं फुटलेला माणूस आयुष्यातल्या सर्वांत भयंकर दुपारी सहायक दिग्दर्शकासारखा जागा ठरवत फिरतोय, आणि त्याचा प्रेक्षक तो स्वतःच, बागेत दुर्बीण घेऊन बसलेला. प्रयोगशाळेतून सूचना देणारा तरुण म्हणून दिग्दर्शक स्वतःच उभा राहिला, हा योगायोग नसावा असं मला आपलं वाटतं.

म्हणजे बघा, कोडं जुळवायचं काम त्याच्याकडे आहे. आपल्याला उत्तर आधीच माहीत आहे, कारण आपण पहिली फेरी पाहिली आहे. त्याची जुळवाजुळव बघताना हसू येतं. उत्तर प्रेक्षकाला माहीत नसेल तर तो हसत नाही, तो विचार करत बसतो. विचार करणारा माणूस हसत नाही हो. आपल्याकडच्या फार्सचंही गणित तेच. कपाटात कोण लपलंय हे थिएटरातल्या शेवटच्या रांगेलाही माहीत असतं, म्हणून कपाट उघडायला कुणी गेलं की पोटात गोळा आणि हशा एकदम येतो. इथे फरक इतकाच की कपाटात लपलेला आणि कपाट उघडणारा एकच माणूस आहे.

मात्र हे हसू स्वच्छ नाही, आणि ते तसं नाही म्हणूनच सिनेमा लक्षात राहतो. पहिल्या फेरीत ती मुलगी कपडे काढताना दिसते तेव्हा एक्तोर चोरून बघतो आणि आपणही त्याच्या दुर्बिणीतून बघतो. दुसऱ्या फेरीत तेच दृश्य समोरून दिसतं, त्यात ती थरथरतेय आणि धमकावणारा आपलाच माणूस आहे. मघाशी जे बघायला आपण पुढे सरकलो होतो त्याची किंमत आता दाखवली जाते. पहिल्या फेरीत कुतूहल, दुसऱ्या फेरीत हसू आणि लाज, तिसऱ्या फेरीत हसू गळून पडतं. एकाच घटनेची तीन वेळा तीन वेगळी चव लागली नाही तर तीन फेऱ्या घ्यायचं कारणच काय? तुमच्या संहितेत तिन्ही फेऱ्यांत एकच चव आहे: माळ कुणी घेतली? तिसऱ्यांदा तोच प्रश्न ऐकून माणूस कंटाळतो, आणि कंटाळ्याला सभ्य शब्द म्हणजे ‘डोक्यावरून गेली’.

स्पेनमध्ये हा काळा विनोद जुना आहे. १९६३ चा लुईस गार्सिया बेर्लांगाचा ‘एल वेर्दुगो’ मिळाला तर बघा, पटकथेत राफाएल आस्कोनाचा हात आहे. एक साधा, भिडस्त माणूस सरकारी फ्लॅट हातचा जाऊ नये म्हणून सासऱ्याची नोकरी पत्करतो. सासरा जल्लाद. कधी वेळ येणारच नाही, या भरवशावर सही करतो, आणि वेळ येते. शेवटाकडे एका मोठ्या पांढऱ्या रिकाम्या दालनातून दोन माणसांना नेतात, एक देहदंड झालेला कैदी आणि एक जल्लाद. त्यात ओढून न्यावं लागतं ते जल्लादाला. हसायचं की नाही ते ठरवता येत नाही. एक्तोर मला त्याच घराण्यातला वाटतो. त्यालाही नवं घर हवंय, बायको हवीय, बागेतली खुर्ची हवीय. वाईट माणूस नाही. पण ते टिकवायला काय काय करतो बघा.

विगालोंदोने ही जात आधीच दाखवली होती. ‘७:३५ दे ला मान्याना’ ही त्याची २००३ ची छोटी फिल्म, ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेली होती. सकाळचं कॅफे, एक बाई नाश्त्याला येते, सगळे विचित्र गप्प. मग एक माणूस प्रेमगीत गाऊ लागतो, गिऱ्हाइकंही कडव्यामागून कडवं गातात, नाचतात, चेहरे मात्र पांढरेफटक. हळूहळू कळतं की गाणाऱ्याच्या अंगावर स्फोटकं बांधलेली आहेत. विनोद आणि धमकी एकाच माणसात, एकाच फ्रेममध्ये. थरारपटात विनोद घालायचा म्हणजे मधूनमधून एक विनोदी पात्र सोडायचं, ही आपली सवय यात कुठे बसत नाही. तुमच्या संहितेतला तो बडबड्या आचारी त्याच सवयीतून आलाय. काढा त्याला, किंवा त्याला एखादं काम द्या.

संकलनाच्या बाजूने एक बारीक गोष्ट. अशा जागी कट मारून विनोद दाखवायचा मोह होतो. बँडेज गुंडाळलं, कट, डोळे विस्फारलेले, कट, संगीत ‘ढँण’. करू नका. एलेखाल्देसारखा नट असेल तर त्याला धापा टाकू द्या, शॉट लांबवा. प्रेक्षकाला स्वतः दुवा जोडायला दोन-तीन सेकंद लागतात आणि ते सेकंद त्याच्या मालकीचे असतात. माझ्या टेबलावर नवीन मुलं पहिली चूक हीच करतात, हशा यायच्या आधीच शॉट कापतात. पण हे नटावर अवलंबून आहे, हेही मान्य. कच्चा नट असेल तर लांब शॉटमध्ये तो पडतो आणि मग कापावंच लागतं. तुमच्या गोष्टीतल्या तिघांपैकी मावशीच्या भाच्याचं काम कुठला नट करतोय ते मला माहीत नाही.

अजून एक निवड तुम्हाला करावी लागेल आणि ती टाळल्यामुळेच मित्रांचा गोंधळ झालाय. कोड्याचे सिनेमे ढोबळमानाने दोन जातींचे. एकात सांगणारा खोटं बोलतो. ओरिओल पाउलोचा २०१६ चा ‘कोंत्रातिएम्पो’ त्या जातीचा. आपल्याकडे २०१९ मध्ये त्यावरून ‘बदला’ झाला, तो बहुतेकांनी पाहिलाय. तिथे तीच घटना पुन्हा दिसते तेव्हा ती बदललेली असते, कारण सांगणारा बदललाय किंवा त्याने लपवलेलं आता बाहेर आलंय. दुसऱ्या जातीत कुणीच खोटं बोलत नाही. घटना एकच आणि पक्की, आपण ती कुठून बघतो तेवढं बदलतं. ‘लोस क्रोनोक्रीमेनेस’ या दुसऱ्या जातीचा, आणि इतका कडक की त्यात काहीसुद्धा बदलत नाही. एक्तोर जे टाळायला जातो तेच करून येतो. पहिल्या जातीत प्रेक्षक संशय घेतो, दुसऱ्या जातीत विश्वास ठेवतो. तुमच्याकडे दोन फेऱ्या पक्क्या आणि तिसरा माणूस पोलिसासमोर थापा मारतो, म्हणजे वीस मिनिटं विश्वास ठेवायला लावून पाच मिनिटं आधी तो काढून घेताय. प्रेक्षकाला मग पहिल्या दोन फेऱ्याही पुन्हा तपासाव्या लागतात. दोन जातींचं मिश्रण कुणाला जमतच नाही असं नाही, पण २५ मिनिटांत आणि पहिल्याच फिल्ममध्ये नको.

‘मग पहिल्यांदा काय झालं होतं? यंत्रात शिरायच्या आधी बँडेजवाला कुठून आला?’ हेही तुम्ही विचारलंय. उत्तर नाही. पहिल्यांदा असं काही नव्हतंच, वर्तुळाला टोक नसतं. सिनेमा त्यावर एक वाक्य खर्च करत नाही आणि चालू असताना तुम्हालाही तो प्रश्न पडला नाही, घरी जाताना पडला. घरी जाताना पडणाऱ्या प्रश्नांची काळजी करू नका. चालू असताना पडणाऱ्यांची करा.

आता तुमच्या कार्यालयात येऊ. तुमच्याकडे यंत्र नाही, मग माणसाला जुळवाजुळव करायला भाग कोण पाडणार? अहो, मराठी लग्नात यंत्र कशाला हवं? चारशे पाहुण्यांसमोर अब्रू जाईल ही भीती पुरते. तिघांऐवजी एकालाच धरा, त्या भाच्याला. समजा मावशीनेच मेकअपच्या गडबडीत माळ त्याच्या हातात दिली, ‘ठेव रे नीट’ म्हणाली आणि विसरली. त्याने ती कुठेतरी ठेवली आणि हरवली. पहिली फेरी मावशीच्या बाजूने: माळ नाही, कुणीतरी फेट्याच्या शेमल्याने तोंड झाकून कोठीतून पळताना दिसतं, शालूवर मठ्ठ्याचा डाग पडलेला, नवऱ्याकडच्यांवर संशय. दुसरी फेरी भाच्याची, थोडी अलीकडून सुरू होणारी. फेटा त्याचाच. मावशीला माळेची आठवण होऊ नये म्हणून तिला अडकवून ठेवायचं, म्हणून मठ्ठा त्यानेच सांडायचा, आणि आपल्याला माहीत असतं की तो सांडणार आहे. फेटा हे तुमचं बँडेज. तो बांधलेला, सुटलेला, तोंडावर ओढलेला, मठ्ठ्याने भिजलेला अशा चार अवस्था ठरवा आणि शूटिंगच्या वहीत पहिल्या पानावर लिहा. हे फक्त उदाहरण म्हणून सांगतेय, गोष्ट तुमची आहे.

आणि घड्याळ तर तुमच्याकडे असं आहे की स्पेनच्या माणसाने हेवा करावा. मंगलाष्टकं! लाउडस्पीकरवरून सगळ्या कार्यालयात ऐकू जातात, कोठीत, गच्चीवर, नवरीच्या खोलीत. प्रत्येक कडव्याच्या शेवटी ‘शुभमंगल सावधान’ आणि अक्षता. ‘तदेव लग्नं’ सुरू झालं की आता संपत आलं, मागून वाजंत्री, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पहिल्या फेरीत मावशी किंचाळते तेव्हा मागे कुठलं कडवं चालू आहे ते ठरवा. दुसऱ्या फेरीत भाचा कोठीत घाम पुसत उभा असताना तेच कडवं आलं की प्रेक्षक स्वतःच म्हणेल, आता ती किंचाळणार. त्या सिनेमात मुका फोन जे करतो ते इथे भटजी करतील. फक्त कडव्यांचं रेकॉर्डिंग एकदाच सलग करून घ्या आणि तेच सगळीकडे वापरा. दर शॉटला वेगळं म्हणवलंत तर संकलनाला बसलेला माणूस तुम्हाला शिव्या देईल. आणि फिल्म मोबाइलवरच बघितली जाणार असेल तर नुसत्या आवाजावर विसंबू नका, अर्धे लोक बसमध्ये आवाज बंद ठेवून बघतात. तेव्हा फेटा आणि अक्षता डोळ्यांनाही दिसल्या पाहिजेत.

थोडक्यात, कागदावर बसाल तेव्हा एवढं तपासा: कॅमेरा कुणाचा हात धरून चाललाय, कुठली वस्तू वेळ सांगतेय, आणि दुसऱ्या फेरीत प्रेक्षकाला पात्रापेक्षा किती जास्त माहीत आहे. चार मित्रांना पुन्हा वाचायला देऊ नका, त्यांना आता उत्तर माहीत झालंय. नवीन चार शोधा, आणि त्यात एखाद्या सासूबाई असू द्या.

त्या ‘दोन तासांपूर्वी’च्या तिन्ही पाट्या आजच काढा. मुहूर्त पत्रिकेवर छापलेला असतोच, १२ वाजून ३७ मिनिटं वगैरे. पहिल्या शॉटमध्ये मावशी त्याच पत्रिकेने वारा घेताना दाखवा.